शिकारी, सावज आणि मधली माणसे

गेल्या अंकात परग्रहावरच्या राक्षसांच्या चित्रपटांविषयी लिहिताना मी 'एलियन व्हर्सेस प्रिडेटर' या २००४ सालच्या चित्रपटाची बोळवण एका वाक्यात केली होती : दोन उत्तम राक्षस आणि एक मध्यम चित्रपट. त्या वाक्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांनी मला चांगलेच धारेवर धरले आहे. काहींना 'मध्यम' हा शब्द कंजूष वाटला, तर काहींना तोही उदार वाटला. म्हणून या वेळचे सदर त्याच एका चित्रपटाला दिले आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र एवढेच. चार्ल्स बिशप वेलँड या धनाढ्य पण आजारी उद्योगपतीच्या उपग्रहाला बूव्हे बेटावर, बर्फाच्या सुमारे ६०० मीटर खाली, उष्णतेची खूण दिसते. तिचा माग काढत गेलेल्या पथकाला तिथे एक प्राचीन पिरॅमिड सापडतो आणि तो प्रिडेटर या परग्रहावरच्या शिकारी जमातीच्या तरुणांची दीक्षाभूमी असल्याचे त्यांना फार उशिरा कळते. दर शंभर वर्षांनी हे तरुण पृथ्वीवर येतात. साखळदंडांत जखडलेल्या, एलियन राक्षसांच्या राणीकडून अंडी घालून घेतली जातात, त्यांतून निघालेले एलियन माणसांच्या शरीरांत वाढवले जातात आणि मग त्यांची शिकार होते.

प्रश्न : या दोन वेगळ्या मालिकांना एकत्र आणण्याची कल्पना मुळात कोणाची? दिग्दर्शकाची की कंपनीची? (एक वाचक, साखळी)

उत्तर : दोघांचीही नाही. ती कॉमिक्सवाल्यांची आहे. डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनसंस्थेकडे दोन्ही चित्रपटांवर कॉमिक्स काढण्याचे हक्क होते, आणि तिने १९८९ च्या अखेरीस ही झुंज प्रथम कागदावर लावली. पुढच्याच वर्षी आलेल्या 'प्रिडेटर २' मध्ये शेवटाकडे परग्रहींच्या यानात शिकारीच्या कवट्या मांडलेली एक भिंत दिसते आणि त्या कवट्यांमध्ये एक लांबट कवटी सरळसरळ एलियनची आहे. पडद्यावर ती जेमतेम काही क्षण आहे. परंतु व्हिडिओ कॅसेट थांबवून थांबवून पाहणाऱ्या पिढीला तेवढे क्षण पुरले, आणि ही जोडी चित्रपटात कधी येणार याची वाट पाहणे तिथून सुरू झाले. चित्रपट यायला मात्र १४ वर्षे लागली. मधल्या काळात व्हिडिओ गेम येऊन गेले, पटकथा लिहिल्या आणि बाजूला पडल्या. शेवटी हे काम पॉल डब्ल्यू. एस. अँडरसन यांच्याकडे आले, ज्यांचे 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'रेसिडेंट एव्हिल' हे आधीचे चित्रपट व्हिडिओ गेमवरूनच घेतलेले होते. चित्रपट पाहताना हे लक्षात ठेवावे, कारण दर दहा मिनिटांनी भिंती सरकवणारा त्यांचा पिरॅमिड ही खेळातल्या पातळीसारखीच रचलेली जागा आहे.

मला यात अधिक रस वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीत. हे दोन राक्षस दिसायला इतके वेगळे असले, तरी त्यांचे आजोळ एकच आहे. मूळ एलियन स्वित्झर्लंडच्या एच. आर. गीगर या चित्रकाराच्या डोक्यातून निघाला आणि १९७९ मध्ये रिडली स्कॉट यांनी तो पडद्यावर आणला. त्या दृश्ययोजनेसाठी गीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्करही मिळाले. पण १९८६ च्या 'एलियन्स' मधली राणी ही दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांची कल्पना, आणि ती उभी केली चित्रपटांसाठी राक्षस घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्याने. लगेच पुढच्या वर्षी 'प्रिडेटर' साठी आधी बनवलेला राक्षस कुचकामी ठरला, तेव्हा नवा राक्षस घडवण्याचे काम याच विन्स्टन यांच्याकडे आले. त्यासाठी ते रेखाटने करीत असताना, एका विमानप्रवासात, शेजारी बसलेल्या कॅमेरून यांनी खेकड्याच्या नांग्यांसारखे हलणारे जबडे असलेला प्राणी पाहायला आवडेल असे सुचवले. प्रिडेटरचे ते उघडझाप करणारे तोंड तिथून आले. २००४ च्या चित्रपटात दोन्ही राक्षस बनवणारे ॲलेक गिलिस आणि टॉम वुड्रफ ज्युनियर हेही विन्स्टन यांच्याच हाताखाली तयार झालेले. त्यातले वुड्रफ तर स्वतःच एलियनच्या पोशाखात शिरले. प्रिडेटरच्या पोशाखात होते सात फुटांहून उंच इयन व्हाइट, जे पूर्वी बास्केटबॉलपटू होते.

गंमत अशी, की हेच कॅमेरून आरंभी या चित्रपटाच्या विरोधात होते. एलियनच्या पुढच्या भागाचा त्यांचा विचार चालू असताना कंपनीने झुंजीचा चित्रपट हाती घेतला आणि त्यांनी अंग काढून घेतले. चित्रपट पाहिल्यावर मात्र त्यांनी तो आवडल्याचे मोकळेपणाने सांगितले आणि तोवरच्या पाच एलियनपटांत त्याला तिसरा क्रमांक दिला.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दुसऱ्याच्या शरीरात वाढणारा, छाती फोडून बाहेर येणारा, रक्ताऐवजी आम्ल असलेला आणि जबड्यात जबडा असलेला प्राणी कितपत शक्य आहे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपल्याला उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही. खिडकीच्या चौकटीकडे पाहावे. पावसाळा ओसरला की तांबड्या मातीची लहान मडकी तिथे लागतात आणि घरातली माणसे ती झाडूने पाडतात. ती कुंभारीण माशीची. असे एक मडके हलक्या हाताने फोडून पाहिले, तर आत पाच-सहा अळ्या किंवा कोळी एकावर एक रचलेले सापडतात. ते मेलेले नसतात; सुईने हळूच स्पर्श केला तर एखाद्याचा पाय अजून हलतो. माशीने त्यांना डंख मारून लुळे केलेले असते, आणि त्यांच्याजवळ ठेवलेल्या अंड्यातून निघालेली तिची अळी हा ताजा साठा खात मोठी होते. मेलेले अन्न सडले असते, म्हणून ते जिवंत ठेवायचे. चित्रपटातल्या यज्ञकक्षात दगडी शय्यांवर निजवलेली माणसे आणि हे मडके यांत तत्त्वतः फरक नाही.

कुंभारीण माशीची अळी सावज बाहेरून खाते. इक्न्यूमोनिड आणि ब्रॅकोनिड या गटांतल्या पुष्कळ गांधीलमाश्या आणखी एक पायरी पुढे जातात : अंडी थेट जिवंत अळीच्या शरीरात घालतात, पिल्ले आतून खात वाढतात आणि वेळ झाली की कातडी भेदून बाहेर पडतात. फुलपाखरांसाठी लिंबाच्या झाडावरच्या अळ्या पाळणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. १८६० मध्ये चार्ल्स डार्विन यांनी एका पत्रात लिहिले होते, की दयाळू ईश्वराने इक्न्यूमोनिड माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील यावर आपला विश्वास बसत नाही. त्यानंतर ११९ वर्षांनी लोक चित्रपटगृहात बसून तीच गोष्ट माणसाच्या बाबतीत घडताना पाहून किंचाळले.

जबड्यातल्या जबड्याची हकिगत याहून रंजक आहे. कारण इथे चित्रपट आधी आला आणि शोध नंतर लागला. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या मोरे ईल या वामेसारख्या माशाच्या घशात दुसरा जबडा असतो हे ठाऊक होते. पण तो पुढे झेपावून तोंडात आलेले सावज पकडतो आणि आत ओढून नेतो, हे २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातल्या लेखाने दाखवले. म्हणजे गीगर यांच्या एलियनला पडद्यावर येऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती.

आम्लाबाबत मात्र आपली शंका रास्त आहे. आंब्याच्या झाडावरचे हुमले, म्हणजे तांबड्या मुंग्या, फॉर्मिक आम्ल फवारतात हे गोव्यात ज्याने कैरी काढली आहे त्याला शिकवायला नको. आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्ल असते. परंतु निसर्गात आम्ल नेहमी एखाद्या पिशवीत, अस्तराच्या आड, बंदोबस्तात ठेवलेले असते. ते रक्तवाहिन्यांतून सर्व पेशींपर्यंत फिरत राहणे आणि त्याच वेळी लोखंडी जमीन भेदण्याइतके तीव्र असणे, हे आपल्या ओळखीच्या कोणत्याही ऊतीला झेपणारे नाही. ही चित्रपटाने घेतलेली सूट आहे, पण कामाची सूट आहे. एलियनला मारले तरी तो मारणाऱ्याला जाळतो, त्यामुळे बंदूक हाती असलेला माणूसही निर्धास्त होत नाही. २००४ च्या चित्रपटात प्रिडेटरची काही हत्यारे या आम्लाला दाद देत नाहीत आणि काही देतात, असा सोयीस्कर घोळ आहे.

आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे, की पहिल्या चित्रपटात पिल्लू वाढायला बराच अवधी लागतो, मग इथे ते मिनिटांत कसे वाढते? याला उत्तर एकच, की चित्रपट १०१ मिनिटांचा आहे.

प्रश्न : मी निवृत्त इतिहासशिक्षक आहे. चित्रपटातील पुरातत्त्वज्ञ अझ्टेक दिनदर्शिका दशमान पद्धतीची होती असे सांगतो. हे खरे आहे काय? आणि त्या बेटाचे काय? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सर, आपण नेमके बोट ठेवले आहे. अझ्टेक लोक विसांच्या पटीत मोजत. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी 'कोडी' म्हणजे वीस असा शब्द असे, तशीच ती पद्धत समजावी. त्यांची एक दिनदर्शिका २६० दिवसांची, दुसरी ३६५ दिवसांची, आणि दोन्हींचा मेळ दर ५२ वर्षांनी बसे. चित्रपटातला तो पुरातत्त्वज्ञ सेबास्टियन मात्र दहाच्या पटीचा दाखला देऊन भिंती दर दहा मिनिटांनी सरकतात असा निष्कर्ष काढतो आणि तो बरोबर निघतो. तासाची ६० मिनिटे हा वारसा बाबिलोनी गणिताचा. त्यामुळे अझ्टेकांच्या हिशेबात ती मिनिटे कोठून आली, हे विचारणारा विद्यार्थी आपल्या वर्गात निश्चित उठला असता.

पिरॅमिडमध्ये इजिप्त, कंबोडिया आणि मेक्सिको या तिन्ही ठिकाणच्या खुणा एकत्र दाखवल्या आहेत, कारण कथेनुसार माणसाला बांधकाम शिकवले ते प्रिडेटरांनी. प्राचीन वास्तू परग्रहवासीयांनी उभारल्या हे म्हणणे १९६८ मध्ये एरिक फॉन डेनिकेन यांच्या पुस्तकाने जगभर पसरवले आणि अँडरसन यांनी ते जसेच्या तसे उचलले. मला या कल्पनेचा मनापासून कंटाळा आहे. गिझाचा मोठा पिरॅमिड आणि अंगकोर वाट यांच्यामध्ये साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्ही ठिकाणी दगड वाहिले ते माणसांनीच. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिरासमोर उभे राहून, घाटापलीकडून दगड इथवर कसा आणला असेल असे नवल आपल्याला वाटते, तेव्हा ते नवल माणसाच्या कष्टाविषयीचे असते. ते परग्रहाच्या खात्यावर जमा केले की काहीच उरत नाही.

बूव्हे बेट खरे आहे. दक्षिण अटलांटिकमधले हे बेट १७३९ च्या १ जानेवारीस एका फ्रेंच दर्यावर्दीच्या दृष्टीस पडले. आज ते नॉर्वेच्या ताब्यात आहे, त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हिमनदीखाली आहे आणि तेथे कोणी राहत नाही. चित्रपटात दिसते तसे देवमासे मारणाऱ्यांचे ओसाड गाव तिथे नाही. अंटार्क्टिकाची मुख्य भूमीही तिथून दीड हजार किलोमीटरहून दूर आहे. चित्रीकरण झाले ते प्राग शहरातल्या बारांडोव्ह स्टुडिओत, आणि पडद्यावरच्या त्या थंडीत निम्मे श्रेय सेट बांधणाऱ्यांचे आहे.

प्रश्न : कोणता चित्रपट आधी पाहावा? सगळे पाहायला वेळ नाही. (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : १९७९ चा 'एलियन', १९८६ चा 'एलियन्स', १९८७ चा 'प्रिडेटर', आणि मग हा. तीन रात्री राक्षसांच्या, चौथी त्यांच्या झुंजीची.

प्रश्न : मी दशावतारी नाटकांत काम करतो. दोन यशस्वी मालिकांची पात्रे एकत्र आणणे हा निव्वळ गल्ला भरण्याचा धंदा नव्हे काय? आपण त्याला इतके महत्त्व का देता? (एक वाचक, पेडणे)

उत्तर : गल्ल्याचा हेतू होताच, आणि तो साध्यही झाला. सहा-सात कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सतरा कोटींहून अधिक डॉलर मिळवले. हॉलिवूडमध्ये ही युक्ती जुनी आहे. १९४३ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगामाणूस यांना समोरासमोर आणले, १९६२ मध्ये जपान्यांनी किंग काँग आणि गॉडझिला यांना भिडवले. अशा भेटी साधारणपणे दोन्ही मालिका थकल्यावर होतात, हेही खरे.

तरीही, आपण ज्या रंगभूमीवर उभे राहता तिला ही युक्ती परकी नाही. भागवतातली स्यमंतक मण्याची कथा आपण कधीतरी केली असेल. रामायणातला जांबवंत गुहेत बसलेला आहे, मण्याच्या शोधात श्रीकृष्ण आत शिरतो, आणि दोघे अठ्ठावीस दिवस लढतात. एका युगाचा योद्धा दुसऱ्या युगाच्या नायकाशी भिडला आहे; याहून मोठी झुंज कोणत्या कंपनीने लावली? पण तिथे अठ्ठाविसाव्या दिवशी काय होते ते पाहा. थकलेला जांबवंत थबकतो आणि ज्याच्याशी आपण लढतो आहोत तो आपला रामच आहे हे त्याला उमजते. त्या ओळखीसाठी सगळी लढाई आहे. ओळख पटली नसती तर ते आख्यान कोणी पहाटेपर्यंत बसून ऐकले नसते.

अँडरसन यांच्या चित्रपटात हे दोन राक्षस एकमेकांना कधीच ओळखत नाहीत, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. एलियनचा मूळ धाक कशात होता? त्याला नियम नाही, डोळे दिसत नाहीत, राग नाही, हेतू सांगता येत नाही. प्रिडेटर याच्या अगदी उलट आहे. तो नियमांनी बांधलेला आहे, तो हत्यार नसलेल्याला मारत नाही, त्याला मान आणि अपमान कळतो. बेशिस्त आणि शिस्त समोरासमोर आल्यावर दोन्हींना तडा जायला हवा होता. चित्रपटात मात्र प्रेक्षकाला कोणाची तरी बाजू घ्यायची असते, बाजू घेता येते ती नियम असलेल्याचीच, आणि म्हणून प्रिडेटर नायक होतो व एलियन जनावर. राणीला साखळदंड बांधून तिच्याकडून अंडी घालून घेणे म्हणजे तिला गोठ्यात आणणे आहे. ज्याच्या नुसत्या सावलीने १९७९ मध्ये सात माणसांचे जहाज हादरले, तो इथे शिकारीसाठी पाळलेला रानडुक्कर झाला.

गोव्यातल्या वाचकांना मी एवढेच विचारीन, की १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी घालण्यापूर्वी आपल्यापैकी किती जणांनी बैलांच्या धिरयो, म्हणजे झुंजी, पाहिल्या आहेत? लहानपणी मी एकदाच, शेताच्या बांधावरून, पाहिली होती. शिंगात शिंग अडकल्यावर बराच वेळ काहीच होत नाही. दोन्ही बैल पाय रोवून उभे असतात, नाकांतून वाफ निघते, आणि भोवतालची माणसे त्या बैलांपेक्षा अधिक घामाघूम झालेली असतात. मग एक बैल एकाएकी पाठ फिरवतो आणि गर्दीत घुसतो. चित्रपटाच्या जाहिरातीतले वाक्य हेच सांगत होते, की जिंको कोणीही, हरणार आपणच. पण मधल्या भागातली प्रिडेटर आणि एलियनची ती पहिली झुंज, ज्यात जाळ्याच्या तारांनी एलियनच्या डोक्यावर चौकड्या उमटतात, ती पाहताना मला शिंगे अडकल्यावरचा तो ताण एकदाही जाणवला नाही. कॅमेरा एका जागी टिकतच नाही.

ओळख पटण्याचा एक क्षण मात्र या चित्रपटात आहे, आणि त्याच्यासाठी मी 'मध्यम' हा शब्द मागे घ्यायला तयार आहे. साना लेथन यांनी साकारलेली वाटाडी अलेक्सा हिच्याकडे अखेरीस काहीच उरत नाही. स्कार नावाने ओळखला जाणारा शेवटचा प्रिडेटर तिला मारत नाही. तो मेलेल्या एलियनची शेपटी कापून भाला करतो, त्याच्या डोक्याची ढाल करतो आणि दोन्ही तिच्या हातात देतो. पुढे एलियनच्या आम्लाने तो तिच्या गालावर तीच खूण डागतो जी त्याने स्वतःवर उमटवून घेतली आहे. एक शब्दही बोलला जात नाही. ती ओरडते, मागे सरते, आणि मग सरळ उभी राहते. जांबवंताच्या गुहेतला क्षण तो हाच, फक्त तो चुकीच्या जोडीला मिळाला.

प्रश्न : प्रिडेटरला उष्णता दिसते म्हणतात. असे खरोखर असते का? आणि त्याचे शिकारीचे नियम कोणते? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : आपल्या तालुक्यातच असते. म्हादईच्या रानात पावसाळी रात्री झुडपावर वेटोळे घालून बसलेला चापडा साप आपण पाहिला असेल. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. तिच्यातल्या पातळ पडद्याला उष्णतेचा सूक्ष्म फरक कळतो, आणि काळोखात उंदीर कोठे आहे ते त्याला समजते. प्रिडेटरची दृष्टी याच तत्त्वावर बेतलेली आहे.

पण या तत्त्वाला एक मर्यादा आहे. उष्णता दिसते ती फरकामुळे. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. मे महिन्याच्या दुपारी आपल्याकडची हवा, कातळ आणि कौले तेवढीच किंवा त्याहून अधिक तापलेली असतात. अशा वेळी प्रिडेटर वाळपईच्या बाजारात उतरला तर त्याला माणसे वेगळी ओळखणे जड जाईल. बर्फातले बेट त्याच्या दृष्टीसाठी आदर्श आहे, एवढे तरी अँडरसन यांनी बरोबर साधले. १९८७ च्या 'प्रिडेटर' मध्ये अंगाला चिखल फासून नायक वाचतो. ओला चिखल काही वेळ अंगाची ऊब लपवील, पण लवकरच तो स्वतः तापेल, म्हणून या उपायावर फार विसंबू नये.

नियमांचे म्हणाल, तर 'प्रिडेटर २' मध्ये तो गर्भवती स्त्रीला सोडून देतो. हाच संकेत आपल्याकडचे जुने पारधी गाभण मादीच्या बाबतीत पाळत असल्याचे मी ऐकले आहे. २००४ च्या चित्रपटात स्कार वेलँडच्या छातीत डोकावतो, त्याची रोगट फुप्फुसे पाहतो आणि त्याला ओलांडून पुढे जातो. लायक सावज नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेलँडला तो अपमान सोसत नाही. तो उठून मागून त्याच्यावर आगीचा झोत सोडतो आणि मग मारला जातो. लान्स हेन्रिक्सन यांनी हे दृश्य थोडक्यात पण नेमके केले आहे. त्यांनीच 'एलियन्स' मध्ये बिशप नावाचा यंत्रमानव साकारला होता, त्यामुळे तो यंत्रमानव या माणसाच्या चेहऱ्यावर बेतला गेला असावा असा धागा इथे जोडला जातो.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला हा चित्रपट दाखवावा का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : अमेरिकेत तो पीजी-१३ वर्गात, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणाऱ्या वर्गात प्रदर्शित झाला, आधीचे सगळे एलियन आणि प्रिडेटर अधिक कडक वर्गात होते. म्हणून इथे माणसाचे रक्त फारसे दिसत नाही, पण प्रिडेटरचे चमकते हिरवे रक्त मोकळेपणाने वाहते, कारण लाल नसलेल्या रक्ताला परीक्षक बहुधा रक्त मानत नाहीत. आपण शेजारी बसणार असाल तर दाखवावा. छातीतून पिल्लू निघते त्या वेळी पाणी आणायला उठू नये.

प्रश्न : पुढचा भाग पाहिला आणि काहीच दिसले नाही. माझा टीव्ही बिघडला आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : टीव्ही ठीक आहे. २००७ च्या नाताळात आलेला 'रेक्वियम' हा दुसरा भाग कॉलिन आणि ग्रेग स्ट्राउस या बंधूंनी केला. तो कोलोरॅडोतल्या एका गावात, बहुतेक रात्री आणि पावसात घडतो, आणि तो इतका काळोखा आहे की ती तक्रार जगभर झाली. मी तो जुलैच्या एका रात्री भाड्याने आणलेल्या डीव्हीडीवर पाहत होतो. मध्येच वीज गेली, आणि पंखा थांबून घाम येईपर्यंत वीज गेल्याचे आम्हा चौघांपैकी कोणालाही कळले नाही. प्रिडेटरच्या शरीरातून जन्मलेला संकर प्राणी ही त्यातली एकमेव नवी गोष्ट, आणि तोच नीट पाहता येत नाही.

त्यानंतर दोन्ही मालिका वेगळ्या झाल्या. रिडली स्कॉट यांनी २०१२ च्या 'प्रोमिथिअस' मध्ये वेलँड कंपनीचा संस्थापक म्हणून पीटर वेलँड हा वेगळाच माणूस आणला आणि झुंजीच्या चित्रपटांकडे सरळ काणाडोळा केला. २०२५ च्या 'प्रिडेटर : बॅडलँड्स' मध्ये मात्र एलियन नसला तरी त्याच्या विश्वातल्या वेलँड-युटानी कंपनीची यंत्रमानव स्त्री प्रिडेटरच्या सोबतीला आहे. तिथेही शिकारी आणि त्याची सोबतीण यांचेच जुळते, हे पेडण्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : शेवटी अलेक्सा त्या बर्फातून घरी पोहोचते का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : चित्रपट ते सांगत नाही. राणीला पाण्याच्या टाकीच्या साखळीत अडकवून समुद्रात बुडवल्यावर आणि स्कार मेल्यावर, अदृश्य यानातून बाकीचे प्रिडेटर प्रकट होतात, त्याचे शव उचलतात आणि त्यांचा ज्येष्ठ तिच्या गालावरची खूण पाहून तिला आपला भाला देतो. ते निघून जातात. ती एकटी, गालावर डाग, हातात परक्या धातूचा भाला घेऊन बर्फावर उरते. दुसऱ्या भागात तिचा उल्लेखही नाही. फक्त २०१८ च्या 'द प्रिडेटर' मध्ये, सरकारी प्रयोगशाळेतल्या मांडलेल्या वस्तूंत, एलियनच्या शेपटीपासून केलेला तिचा तो पहिला भाला ओझरता दिसतो. तो तिथवर कसा पोहोचला हेही कोणी सांगत नाही.